वृक्ष : निरंक

गेल्या ऑक्टोबरात उमरेड रोडकडच्या झुडपी जंगलाच्या एका तुकड्यावर वनस्पतींच्या मोजणीला गेले होते. तक्ता भरला, संध्याकाळी नागपुरात परतलो. त्या तक्त्यातले दोन शब्द मात्र अजून डोक्यातून जात नाहीत.

विदर्भाबाहेरच्यांसाठी सांगते. झुडपी जंगल ही इथल्या महसुली दप्तरातली जुनी नोंद आहे: झुडपं असलेली, गावाची गुरं चरायची जमीन. २२ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयानं 'वन' कशाला म्हणायचं हे सांगणाऱ्या आपल्याच १२ डिसेंबर १९९६ च्या आदेशाला धरून या जमिनी वनच आहेत असा निकाल दिला. प्रश्न सुमारे ८६ हजार हेक्टरांचा. त्यामुळे तिथं काय उगवतं, हे नीट लिहिणं आता फार महत्त्वाचं झालंय.

मोजणीत जागा आपण निवडायची नसते. चिठ्ठी काढल्यासारखे निघालेले आकडे जो बिंदू दाखवतील तिथंच खुंट्या ठोकून सुतळी ताणायची, मग तो घाणेरीच्या जाळीत का येईना. झाडांसाठी १० बाय १० मीटरचा चौकोन, त्यात झुडपांसाठी ५ बाय ५, गवतासाठी १ बाय १. झाडाचा घेर जमिनीपासून १.३७ मीटरवर मोजायचा. ऑक्टोबरात कुसळी हे गवत पिकलेलं असतं. ओल लागली-वाळली की त्याच्या कुसाचा पीळ सुटतो-बसतो आणि बी गिरमिटासारखं मातीत शिरतं. आमच्या मोज्यांतही.

पहिले सहा चौकोन सारखेच निघाले. कुसळी, तरोटा, रुई, घाणेरी, आणि कमरेइतका पळस. गुरं ज्याला तोंड लावत नाहीत तेच उरलेलं. मारवेल, पवन्या ही चवीची गवतं जवळजवळ नाहीतच. सतत चराई झाली की आधी तीच जातात. १.३७ मीटरवर टेप लावायला काही नव्हतं, म्हणून मी सहाही वेळा लिहिलं, 'वृक्ष : निरंक'. सोबतचे वरिष्ठ खूश झाले. जेवणाआधी काम उरकावं एवढीच त्यांची इच्छा, आणि अशा माणसांच्या हाती आपल्याकडे जमिनींचं भविष्य असतं.

सातवा चौकोन बंद पडलेल्या पंपघराजवळ आला. भोवती तारेचं कुंपण, वीसेक गुंठे जागा, बारा वर्षांपासून आत ना गुरं, ना कुऱ्हाड. आत पाऊल टाकलं आणि ऊन कमी झालं. तोच पळस, पण डोक्याच्या वर. एकाचा घेर ३४ सेंटीमीटर. खाली पालापाचोळा, त्यात कडुनिंबाची, बोराची रोपं, फांद्यांवर बसणाऱ्या पाखरांनी टाकलेल्या बियांची. कडेच्या उजेडात मारवेल परतलेलं. एका कोपऱ्यात मात्र घाणेरी इतकी दाट की तिच्याखाली एकही रोप नाही. कॉनेल आणि स्लॅटियर या परिसंस्था-अभ्यासकांनी १९७७ मध्ये मांडलं होतं की आधी आलेली वनस्पती पुढच्यांना वाट करून देते, कधी नुसती सोबत राहते, कधी वाटच अडवते. वीस गुंठ्यांत मला यातल्या दोन गोष्टी दिसल्या, दहा पावलांच्या अंतरावर.

तारेपलीकडे एक गुराखी काका टेकून उभे होते. मी बाहेरच्या पळसाकडे बोट दाखवून म्हटलं, "काका, हा लहान आहे आणि आतला मोठा."

"लहान नाही मॅडम. माह्या लहानपणापासून एवढाच आहे. सरपणाले तोडतो, शिमग्याच्या टायमाले आग लागते, पुन्हा फुटते. मूळ पाहा ना खोदून."

वनरक्षकानं कुदळ दिली. या भल्या माणसानं दिवसभरात एकदाही घड्याळ पाहिलं नाही. वीत-दीड वीत मातीखाली मुरूम लागला, आणि त्यात घुसलेलं मूळ माझ्या मांडीएवढं. वर बोटाएवढे फुटवे. म्हणजे मी ज्याला झुडूप म्हणून मोजत होते ते दर वर्षी कापलेलं, जळलेलं जुनं झाड होतं. इथं पाऊस हजार मिलिमीटरच्या वर पडतो. झाड थांबतं ते पाण्यावाचून नव्हे. वनस्पतिशास्त्रज्ञ क्लेमेंट्सनं १९१६ मध्ये प्रत्येक हवामानात वनस्पती शेवटी एका ठरलेल्या स्थितीला पोचतात असं मांडलं, ग्लीसन या दुसऱ्या वनस्पतिशास्त्रज्ञानं १९२६ मध्ये ते नाकारलं. त्या वादात मी पडत नाही. इथली जमीन झुडपांच्या पायरीवर आपणच धरून ठेवलेली आहे, एवढं त्या मुळानं मला दाखवलं.

तक्त्यात मुळाला रकाना नव्हता. वरिष्ठ म्हणाले, "शेऱ्यात कशाला घोळ?" मी तरीही वेगळा कागद जोडला: जमिनीलगतचा घेर, खड्ड्याचा फोटो, कुंपणाच्या आतली आणि बाहेरची यादी शेजारी शेजारी. आधीचे सहा 'निरंक' मात्र तसेच राहिले. ते माझ्याच हातचे आहेत.

काकांनी निघताना विचारलं, "मग आता सगळीकडे तार घालाल का? माह्या गाई कुठी जातीन?"

मी काही बोलले नाही. त्यांनी खोदलेली माती पायानं मुळावर लोटली आणि घट्ट दाबली.