हीटरचा पंखा

दिवाळीचा फराळ डब्याच्या तळाला गेला की साताऱ्यात माळ्यावरची खोकी खाली उतरतात. कानटोप्या, स्वेटर, गोधड्या, आणि त्यातल्याच एका खोक्यात वर्तमानपत्रात गुंडाळलेला ब्लोअरचा हीटर. महाबळेश्वरात वेण्णा तलावाकाठी दवबिंदू गोठल्याचा फोटो पेपरात यायचा अवकाश, अजिंक्यताऱ्याच्या पायथ्यालाही हुडहुडी भरते. इथे तेवढा गारठा नसतो, पण फोटोचा मान राखावा लागतो. हीटर पुसायचा, १६ अँपिअरच्या सॉकेटला लावायचा, बटण दाबायचं. की आला आवाज: घर्रर्र.

"जुना झालाय, चालायचंच," असं कोणीतरी म्हणतं आणि सगळे पाय शेकायला बसतात.

हीटर बिघडला की बोट आधी कॉइलकडे जातं, कारण ती लाल होते, दिसते. खरं काम मागचा पंखा करतो. कॉइलला २००० वॉट दिले की ती तेवढी उष्णता तयार करणारच. ती वाहून न्यायला वारा किती, ते पंखा ठरवतो. वारा निम्मा झाला तर बाहेर पडणारी हवा दुपटीने तापते. कॉइल लालची केशरी होते, कटऑफ (जास्त तापल्यावर वीज तोडणारा स्विच) पडतो, हीटर थंड झाला की पुन्हा सुरू होतो, पुन्हा पडतो. लोक म्हणतात थर्मोस्टॅट गेला. गेलेला असतो बहुतेक वेळा बुश, म्हणजे पंख्याचा दांडा ज्यात फिरतो ती धातूची पुंगळी.

आवाजातला फरक कानाला कळतो. ठरावीक तालात टकटक म्हणजे एखादी पाती वाकून जाळीला लागते आहे. बारीक चीं-चीं म्हणजे बुश कोरडा पडलाय. नुसतीच गुणगुण, पंखा जागचा हलत नाही, म्हणजे एक तर काहीतरी अडकलंय, नाहीतर बुश इतका झिजलाय की मोटरीतला फिरणारा भाग, म्हणजे रोटर, कडेला टेकलाय. अडकलेल्यात पहिला मान लांब केसांचा. दांड्याभोवती, पंखा आणि बुश यांच्या मधल्या फटीत, ते काळ्या दोऱ्यासारखे घट्ट गुंडाळलेले असतात आणि बुशातलं तेल शोषून घेतात. चिमट्याने एकेक करून काढावे लागतात. दुसरा मान पालीचा. आठ-दहा महिने माळ्यावर पडलेलं गरीब यंत्र. तिने आत अंडी घातली तर तिचं काय चुकलं?

प्लग काढून पंख्याला बोटाने टिचकी मारून बघावी. चांगला पंखा चार-पाच फेरे सहज घेतो. टिचकीसरशी थबकला तर कोरडा. मग दांडा धरून आडवा हलवावा. खडखडला तर बुशाचं भोक मोठं झालंय, आणि त्याला तेल हे औषध नाही. ह्या मोटरीला छताच्या पंख्यासारखा कंडेन्सर नसतो. सुरू होताना तिचा जोर बेताचाच, त्यामुळे जरासा चिकटा तिला पुरतो.

आता तेल. खोबरेल नको. ते २४ अंशांच्या खाली थिजतं, म्हणजे नेमक्या हीटर लावायच्या वेळी. तापलं की ओघळतं, आणि उरलेल्याचा चिकटा होतो. गंज काढायचा फवाराही नको, तो असलेलं तेल धुऊन नेतो. शिलाई मशीनचं तेल घ्यावं, बुशाभोवतीच्या नमद्याच्या चकतीवर दोन-तीन थेंब. ती लांब नळीची कुप्पी पूर्वी प्रत्येक घरी मशीनच्या ड्रॉवरमध्ये असायची, बॉबिन, तुटके खडू आणि एकट्या राहिलेल्या बटणांच्या संगतीत. दाराच्या बिजागरीपासून सायकलच्या चेनपर्यंत सगळ्यांना तीच. मशीन गेल्या, ड्रॉवर गेले, आणि आता थेंबभर तेलासाठी बाजारात जावं लागतं.

बाजारात जायचंच तर मोटर सोडवून हातात घेऊनच जावं. "हीटरची मोटर आहे का?" या प्रश्नाला दुकानदाराचं उत्तर ठरलेलं असतं: "काका, नमुना आणलाय का?" त्याचं बरोबर आहे. दांड्याची जाडी, त्याची बाहेर आलेली लांबी, पत्र्यांच्या गठ्ठ्याची जाडी, स्क्रूच्या भोकांतलं अंतर, एवढं जुळलं तरी एक गोष्ट उरते आणि घोळ तिथेच होतो: फिरण्याची दिशा. मोटरीच्या पोलवर, म्हणजे रोटरला वेढणाऱ्या पत्र्यांच्या टोकावर, एका बाजूला तांब्याची कडी असते. रोटर कडी नसलेल्या बाजूकडून कडीकडे फिरतो. वायरी उलट जोडून दिशा बदलत नाही. उलट्या दिशेची मोटर बसली तर पंखा समोरून हवा ओढतो, ती कॉइलवरून तापून मोटरीवर येते आणि मागच्या जाळीतून गरम वारा लागतो. काही मिनिटांत प्लॅस्टिकचा वास सुटतो.

उघडण्याआधी वायरींचा फोटो काढावा. पंखा दांड्यावरून उपटताना पात्यांना धरू नये, मधल्या भागाला धरावं. पाती वाकली की पंखा थरथरतो आणि नवा बुशही लवकर खातो. बसवल्यावर एका पातीच्या टोकाशी पेन्सिल टेकवून पंखा हाताने फिरवला की वाकडी पाती लगेच सापडते. वायर बदलायची तर उष्णता सोसणारी, काचतंतूच्या नळीतली; साधी घरगुती वायर आत टाकली तर तिचं आवरण वितळतं. सुरू करताना आधी नुसता पंखा, मग १००० वॉट, मग २०००. पहिल्यांदा धूळ जळल्याचा वास येईल, तो जातो.

२००० वॉट म्हणजे अर्ध्या तासाला एक युनिट. कोयना प्रकल्पाची क्षमता १९६० मेगावॅट; आकडा महाराष्ट्राच्या स्थापनेच्या सालाचाच, म्हणून पाठ राहतो. पाणी आपल्या जिल्ह्यातलं, पण ते घाटाखाली पोफळीला उतरून वीज होतं आणि मग पाय शेकायला परत घाट चढून येतं. असो.

कटऑफशेजारी एक थर्मल फ्यूज असतो, एकदाच उडणारा. उडाला तर त्याच मापाचा आणावा आणि तो सोल्डर करू नये, कारण सोल्डरच्या उष्णतेनेच तो उडतो. दाबून बसवायचं कनेक्टर वापरावं. पण कारागिरांचा लाडका उपाय वेगळाच असतो: "डायरेक्ट करून दिलंय, आता बंद पडायचा नाही." म्हणजे कटऑफ न् फ्यूज वगळून वायर सरळ जोडलेली. खरंच पडत नाही. पंखा थांबला तरी कॉइल पेटलेलीच राहते, पडद्याजवळ, झोपलेल्या माणसांच्या खोलीत. असा डायरेक्ट केलेला हीटर घरात असेल तर आज प्लग काढा आणि आधी कटऑफ न् फ्यूज बसवून घ्या. घर्रर्रचं नंतर बघू.