ब्लोअरपासून सुपरचार्जरपर्यंत : आमची वाटचाल

आमचा धंदा सुरू झाला तो सोसायट्यांच्या सांडपाण्यावर. पुण्यातल्या मोठ्या सोसायट्यांमध्ये सांडपाणी शुद्ध करणारा प्लँट असतो आणि त्याच्या टाकीत हवा सोडायला ब्लोअर असतो. तो बंद पडला की दोन दिवसांत वास वरच्या मजल्यापर्यंत पोचतो आणि मग सेक्रेटरींचे फोन सुरू होतात. भोसरीतल्या एका कारखान्यात नऊ वर्षं हेच ब्लोअर जोडल्यावर मी नऱ्ह्यात पत्र्याची शेड भाड्याने घेतली. जुना लेथ, हायड्रॉलिक प्रेस, मोठ्या भावाने दिलेलं भांडवल आणि कारखान्यातून निवृत्त झालेले आमचे टर्नर काका. पहिल्या खंडेनवमीला पूजेसाठी मांडलेली हत्यारं एका पाटावर मावली होती.

हे यंत्र आतून फार देखणं असतं. इंग्रजी आठच्या (8) आकड्यासारखे दोन लोब, म्हणजे रोटर, एकमेकांना न शिवता उलट दिशांनी फिरतात आणि हवा कडेकडेने पुढे ढकलतात. त्यांच्यातली फट मिलिमीटरच्या शतांशांत मोजायची. ती सांभाळतात बाहेरच्या बाजूचे टायमिंग गिअर. अमेरिकेतल्या रूट्स बंधूंनी १८६० मध्ये याचं पेटंट घेतलं, म्हणून त्याला आजही रूट्स ब्लोअर म्हणतात.

पाचव्या वर्षी अशाच एका सोसायटीचे सेक्रेटरी काम झाल्यावर म्हणाले, "तुम्ही ब्लोअर करता ना? माझ्या गाडीतही एक आहे म्हणतात." त्यांच्याकडे मर्सिडीजची सी-२०० कॉम्प्रेसर होती. गाडी उभी असताना पुढून डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज यायचा, आणि त्यांना संपूर्ण सुपरचार्जर, म्हणजे इंजिनात जादा हवा ढकलणारा याच जातीचा ब्लोअर, बदलायचा खर्च सांगितला गेला होता. मी बॉनेट उघडलं, पट्टा काढला आणि पुली हाताने मागेपुढे हलवली. टक, टक. लोबला काहीच झालेलं नव्हतं. पुलीच्या शाफ्टपासून रोटरपर्यंत जोर पोचवणारा कपलर झिजला होता. गिअरचं तेल काढलं तर ते एका कपात मावेल एवढंच होतं, काळं पडलेलं, आणि जळका वास असा की काका लेथवरून उठून बघायला आले. बहुतेक मालकांना त्या कपभर तेलाची कल्पनाच नसते, कारण ते इंजिनच्या तेलापेक्षा वेगळं असतं आणि सर्व्हिसिंगमध्ये त्याला कोणी हात लावत नाही. कपलर, बेअरिंग, सील आणि तेल बदलून आम्ही गाडी परत दिली. त्या दिवसापासून शेडमध्ये गाड्या यायला लागल्या.

पुढचं लिहिताना आजही जड जातं. एक तरुण ग्राहक त्यांची दोन सीटची, कारखान्यातूनच सुपरचार्जर असलेली गाडी घेऊन आले. त्यांना बूस्ट, म्हणजे इंजिनात ढकललेल्या हवेचा जादा दाब, वाढवून हवा होता. सुपरचार्जरची पुली लहान केली की तो जास्त फेरे घेतो, हिशेब सोपा आहे. इंजिनच्या क्रँकशाफ्टची पुली १५० मिलिमीटर आणि सुपरचार्जरची ७५ असेल, तर इंजिनच्या ६,००० फेऱ्यांना रोटर १२,००० फेरे घेतो. ७५ ची ६६ केली की तोच आकडा साडेतेरा हजारांपुढे जातो. काकांनी पुली इतकी सुरेख केली की डायल लावल्यावर काटा हलला नाही. बूस्टच्या गेजवर ६ चे साडेआठ पीएसआय (दाबाचं एकक) दिसले, ग्राहक खूश, आम्हीही खूश. एप्रिलमध्ये कात्रजच्या घाटात एका पिस्टनची रिंगेच्या खाचेजवळची कड तुटली. इंजिन उघडावं लागलं. तो खर्च आम्ही केला, कारण चूक आमची होती.

काय चुकलं ते मला नंतर कागदावर दिसलं. आम्ही हवेचा दाब मोजला, तिचं तापमान मोजलंच नाही. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचावर आहे, त्यामुळे इथे हवेचा दाब समुद्रकिनाऱ्यापेक्षा सहा-सात टक्क्यांनी कमी असतो. त्या हवेवर ६ पीएसआय चढवले आणि आत जाणारी हवा ४० अंशांची असली, तर जुन्या पद्धतीच्या रूट्स सुपरचार्जरमधून ती साधारण ९५ अंशांना बाहेर पडते. साडेआठ पीएसआयला हिशेब ११५ च्या पुढे जातो. एवढी तापलेली हवा, त्यात साधं ९१ ऑक्टेनचं पेट्रोल (ऑक्टेन जितकं कमी, तितकं ते लवकर आपोआप पेटतं) आणि चढावर सतत दाबलेला अॅक्सिलरेटर. ठिणगी पडून ज्योत पसरायच्या आतच कोपऱ्यातलं मिश्रण आपोआप पेटतं. आपण त्याला नॉकिंग म्हणतो आणि खडखड ऐकू येते तेव्हा बहुधा उशीर झालेला असतो.

तेव्हापासून आमच्याकडे कामाची आखणी उलट्या टोकाने होते. आधी गाडी रोज कुठून कुठे जाते ते विचारतो. कोथरूड ते हिंजवडी जाणाऱ्या गाडीची खरी परीक्षा महामार्गावर होत नाही, ती भूमकर चौकात होते. वीस मिनिटं गाडी इंचाइंचाने सरकते, सुपरचार्जरमधून आलेली गरम हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरला वारा नाही, खाली तापलेला डांबरी रस्ता आणि बॉनेटखाली भट्टी. सुपरचार्जरचं अॅल्युमिनियम ती उष्णता शोषत राहतं. मग रस्ता मोकळा होतो आणि माणूस साहजिकच पाय दाबतो. इंजिनला सगळ्यात गरम हवा मिळते ती त्या पहिल्या दहा सेकंदांत.

मग इंजिनची तब्येत. कॉम्प्रेशन टेस्ट (सिलिंडरमध्ये किती दाब तयार होतो) आणि लीकडाऊन टेस्ट (त्यातून किती हवा गळते) केल्याशिवाय आम्ही सुपरचार्जरला पाना लावत नाही. गळती १० टक्क्यांच्या आत हवी आणि सगळे सिलिंडर एकमेकांच्या जवळपास हवेत. दमलेल्या इंजिनावर चांगला सुपरचार्जर म्हणजे पैशांचा चुराडा. हे ऐकून काही ग्राहक परत जातात. जाऊ देतो.

बायपास व्हॉल्व्हबद्दल मात्र मी तासभर बोलू शकेन. हलक्या पायाने गाडी चालते तेव्हा हा व्हॉल्व्ह उघडा राहतो आणि हवा सुपरचार्जरमध्ये गोल फिरत राहते, त्यामुळे पट्ट्यावर फारसा भार येत नाही आणि हवाही विशेष तापत नाही. रोजच्या वापरातल्या गाडीचा नव्वद टक्के वेळ असाच जातो. म्हणजे गाडी टिकणार की नाही हे या एका झडपेवर बरंचसं ठरतं. ती चालते इंजिनच्या व्हॅक्यूमवर, करंगळीपेक्षा बारीक रबरी नळीतून. एका गाडीचं मायलेज अचानक पडलं होतं, इंजिन सतत गरम. सेन्सर बदलून झाले होते. आम्ही ती नळी वाकवून बघितली तर आतल्या बाजूने केसाएवढी चीर होती, सरळ असताना दिसतही नव्हती, आणि तिच्यामुळे झडप उघडत नव्हती. आता गाडी कशासाठीही आलेली असो, ती नळी आम्ही बदलतोच.

पेट्रोलचं गणितही आता बदललं आहे. २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलला हवेचं प्रमाण वेगळं लागतं. शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला हवेचे १४.७ भाग, तर याला साधारण १३.५. म्हणजे तेवढ्याच हवेला जास्त इंधन द्यावं लागतं. इथेनॉल नॉकिंगला चांगलं तोंड देतं हा फायदा आहेच. पण जुन्या गाडीचा पंप थकलेला असेल, तर पूर्ण दाबलेल्या अॅक्सिलरेटरला इंधन कमी पडून मिश्रण पातळ होतं, आणि सुपरचार्जरच्या गाडीत पातळ मिश्रण म्हणजे पुन्हा तोच तुटका पिस्टन. म्हणून पंपाचा दाब भाराखाली मोजायचा, इंजेक्टर साफ करून प्रवाह तपासायचा, जुन्या रबरी नळ्या बदलायच्या आणि चालत्या गाडीत धुरातला ऑक्सिजन मोजणारा वाइडबँड सेन्सर लावून नोंद घ्यायची. पूर्ण दाबावर लॅम्डा (हवा-इंधनाच्या प्रमाणाचा आकडा, १ पेक्षा कमी म्हणजे इंधन जास्त) ०.८० च्या आसपास दिसला की मी निश्चिंत होतो. टाकीत ९५ किंवा त्यावरचं ऑक्टेन भरा, हे आम्ही बिलावरच लिहून देतो.

आणखी एक गोष्ट पहिल्या भेटीतच स्पष्ट करतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल गाडीत करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच स्पष्ट केलं. अपघात झाल्यावर विमा अडला तर त्रास मालकाच्या कुटुंबाला होतो. म्हणून साध्या इंजिनावर नवा सुपरचार्जर आम्ही फक्त ट्रॅकच्या गाडीला बसवतो, आणि रस्त्यावर रोज चालणाऱ्या ज्या गाड्या कारखान्यातूनच तो घेऊन आल्या आहेत त्यांना मूळ क्षमतेवर आणून ठेवतो. लहान पुल्या करणं आम्ही कधीच सोडलं. काकांनी केलेली ती ६६ ची पुली माझ्या टेबलावर आहे.

मूळ क्षमता हे शब्द ऐकून बऱ्याच जणांचा चेहरा पडतो. पण वीस वर्षांच्या गाडीत ती क्षमता उरलेलीच नसते. गेल्या महिन्यात आलेल्या एका दोन-सीटरचं उदाहरण सांगतो. इंटरकूलरच्या जाळीत पुण्याच्या बांधकामांची धूळ सिमेंटसारखी घट्ट बसली होती. इंटरकूलर आणि बंपर यांच्यामधल्या फोमच्या पट्ट्या कुजून गेल्या होत्या, त्यामुळे समोरून येणारा वारा जाळीतून न जाता बाजूने निसटत होता. पट्ट्याचा टेन्शनर सैल होता आणि जास्त फेऱ्यांना पट्टा घसरत होता. आम्ही जाळी उलट्या बाजूने धुतली, फोम नवा कापून बसवला, टेन्शनर आणि पट्टा बदलला, दोन्ही पुल्या सरळपट्टीने एका रेषेत आहेत का ते पाहिलं आणि पंखा वेळेवर सुरू होतो की नाही ते तपासलं. आधी आणि नंतर, दोन्ही वेळा संध्याकाळी साडेसहाला, भूमकर चौकातून बाहेर पडताना मी स्वतः लॅपटॉप घेऊन शेजारी बसलो होतो. इंजिनमध्ये जाणारी हवा आधी ७८ अंश होती, नंतर ५९.

मालक महामार्गाला लागेपर्यंत काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "घेतली तेव्हा अशी होती."

आता शेडला लागून दुसरा गाळा घेतला आहे. सोसायट्यांचे ब्लोअर अजून करतो, घरखर्च त्यावरच चालतो. काका सत्तरी ओलांडूनही आठवड्यातून तीन दिवस येतात आणि लोबमधल्या फटीचं माप स्वतः घेतल्याशिवाय ब्लोअरचं केसिंग बंद करू देत नाहीत. सेक्रेटरींची ती पहिली सी-२०० पुढच्या सोमवारी तेल बदलायला येणार आहे. या वेळी कपलर आधीच मागवून ड्रॉवरमध्ये ठेवला आहे.