फ्रीजच्या पाठीमागचं कालवण

गणपतीला गावाला गेलो होतो, नऊ दिवसांनी रात्री साडेअकराला परत आलो तर जिन्यातच वास. मी नवऱ्याला म्हणलं कुणाचा तरी ओला कचरा राहिलाय वाटतं, तो म्हणाला आपलाच असेल, आणि कुलूप उघडल्यावर कळलं की आपलाच आहे.

झालं असं होतं की गटारीला गणेश पेठेतून सुरमई आणली होती, त्यातले सात-आठ तुकडे उरले, दुसऱ्या दिवसापासून श्रावण लागला आणि आमच्याकडे श्रावण म्हणजे श्रावणच, त्यामुळे ते तुकडे फ्रीझरमध्ये गेले, श्रावण संपला तर लगेच गावाला जायची गडबड, मग ते तिथेच राहिले. आणि आम्ही नसताना कधीतरी पावसात किचनचा एमसीबी, म्हणजे लाईटच्या बोर्डावरचा खटका, पडला. फक्त किचनचाच. हॉलमधलं घड्याळ, वायफाय सगळं मस्त चालू, म्हणजे सुरुवातीला संशयपण नाही. फ्रीझर उघडल्यावर काय दिसलं ते लिहीत नाही, जेवताना वाचत असाल कुणी.

सकाळी शेजारच्या काकू दारात, नाकाला पदर लावून. "अगं, उंदीर-बिंदीर मेलाय का बघ गं तुमच्यात, दोन दिवस झाले." काकू पक्क्या शाकाहारी, त्यांना सुरमई म्हणून सांगायची माझी हिंमत झाली नाही, मी म्हणलं हो काकू बघते.

मग सगळं फेकलं, साबणाच्या पाण्यानं आतून दोनदा पुसलं, आणि खायच्या सोड्याची वाटी ठेवली कारण सगळे तेच सांगतात. फॅमिली ग्रुपवर टाकलं तर अर्ध्या तासात कॉफी पावडर, पेपरचे बोळे, कापूर, चिरलेला बटाटा, अर्धं लिंबू असं सगळं आलं. मी बटाटा सोडून सगळं केलं. फ्रीजला कापूर आणि कॉफी आणि सुरमई असा एकत्र वास यायला लागला, जो नुसत्या सुरमईपेक्षा वाईट असतो हे आता अनुभवानं सांगू शकते.

तिसऱ्या दिवशी माझ्या एक गोष्ट लक्षात आली. फ्रीज उघडून आत डोकं घातलं की वास कमी, आणि दार बंद करून ओट्याशी उभं राहिलं की जास्त. मग नवऱ्याला बोलावलं, प्लग काढला, दोघांनी मिळून फ्रीज भिंतीपासून ओढला. मागे खाली काळा कॉम्प्रेसर असतो ना, त्याच्या डोक्यावर एक प्लास्टिकचा ट्रे असतो. सात वर्षं हा फ्रीज आमच्याकडे आहे आणि मला तो ट्रे माहीतच नव्हता! त्यात बोटभर चहाच्या रंगाचं पाणी, वर दुधावर धरते तशी जाड साय, आणि सायीला चिकटलेले दोन मटारचे दाणे.

फ्रॉस्ट फ्री फ्रीजमध्ये आतला बर्फ आपोआप वितळतो, ते पाणी एका भोकातून नळीनं मागच्या या ट्रेमध्ये उतरतं आणि कॉम्प्रेसरच्या गरमीनं उडून जातं. एरवी छानच सोय आहे. पण आमच्याकडे लाईट नसताना माशाचं पाणीपण त्याच वाटेनं खाली आलं, आणि मी एमसीबी वर केल्यावर कॉम्प्रेसर तापला. म्हणजे मी वर सोडा-कापूर करत होते आणि खाली मंद आचेवर कालवण शिजत होतं.

आता सोडा का चालला नाही, तर बीएस्सीला केमिस्ट्री होती म्हणून हे मला आधीच सुचायला हवं होतं. मासा खराब व्हायला लागला की जंतूंमुळे त्यात ट्रायमिथाईलअमाईन तयार होतं, तो टिपिकल वास त्याचाच, आणि ते अल्कली असतं. सोडापण अल्कलीच. दूध सांडून आंबलं असेल तर सोडा काम करतो, माशाला आंबटच लागतं. आपण तळलेल्या तुकडीवर लिंबू पिळतो, कोकमाच्या आगळात मासे घोळवतो, ते काय उगाच? ट्रे आधी साबणानं घासला, मग पाण्यात लिंबूसत्व घालून तासभर भिजवला. फ्रीजच्या आतल्या मागच्या भोकात इंजेक्शनच्या सिरिंजनं तेच पाणी कोमट करून सोडलं, खाली स्वच्छ पाणी येईपर्यंत. दाराच्या रबराच्या घड्या जुन्या टूथब्रशनं. बर्फाचा ट्रे मात्र फेकून दिला, त्यातला वास गेलाच नाही. एका दिवसात फरक पडला. (तुमच्या फ्रीजचा मागचा ट्रे स्क्रूनं बसवलेला असेल तर ओढाताण करू नका, आतलं पाणी स्पंजनं टिपून घ्या.)

एकदा यश आलं की माणूस थांबत नाही. वॉशिंग मशीनला पण कुबट वास यायचा, फ्रंट लोड आहे, तर पुढच्या रबराची घडी उलटी केली, आत काळी बुरशी, दोन रुपयांचं नाणं आणि माझी क्लिप. चूक आमचीच, पावडर सढळ हातानं टाकायची, कायम गार पाण्यात धुवायचं आणि झालं की लगेच दार घट्ट लावायचं. आता महिन्यातून एकदा रिकामं मशीन ६० डिग्रीच्या वर फिरवते आणि दार उघडं ठेवते. मशीनचा खालचा फिल्टर उघडला की पाणी येतं आणि तिथे परात मावत नाही, चपटं ताट आणि बरीच फडकी घेऊन बसा, आणि नळाला पाणी नसेल त्या दिवशी हा उद्योग काढू नका. एक मात्र सिरियसली सांगते, ब्लीच वापरणार असाल तर त्याच दिवशी लिंबूसत्व किंवा व्हिनेगर नको, दोन्ही एकत्र आले की क्लोरीन गॅस होतो.

मिक्सरचं काही विशेष नाही, झाकणाचा वायसर काढून बघा फक्त. लसणाची चटणी सापडेल. कधीची ते विचारू नका.

काकूंना शेवटी खरं सांगितलं. त्या म्हणाल्या, "मला काय कळत नव्हतं होय?"

आणि सासूबाईंनी फोनवर एक युक्ती सांगितली, वाटीत पाणी घेऊन फ्रीझरमध्ये गोठवायचं आणि बर्फावर रुपयाचं नाणं ठेवून गावाला जायचं, परत आल्यावर नाणं तळाशी गेलेलं दिसलं तर समजायचं मधे लाईट गेली होती, आणि फ्रीझरमधलं काही खायचं नाही. दिवाळीला साताऱ्याहून परत आलो तेव्हा मी चपला न काढता आधी फ्रीझर उघडला. नाणं वरच होतं.