एक्सप्लोरर की चॅलेंजर: पंधरा सेंटीमीटरचा प्रश्न

दिवाळीपासून आमच्या घरी एकच चर्चा चालू होती: हवा भरून वापरायच्या दोन होड्यांपैकी, म्हणजे इंटेक्सच्या एक्सप्लोरर के-टू आणि चॅलेंजर के-टू यांपैकी, कोणती घ्यावी. दोन्ही दोघांनी बसायच्या, दोन्हींची भारक्षमता 180 किलो, दोन्हींबरोबर अ‍ॅल्युमिनियमची वल्ही व हातपंप मिळतो, आणि हवा काढून घडी घातली की दोन्ही गाडीच्या डिकीत मावतात.

फरक आहे तो मापांत. एक्सप्लोरर 312 सेंटीमीटर लांब व 91 रुंद, तर चॅलेंजर 351 लांब व 76 रुंद. पंधरा सेंटीमीटर म्हणजे धड वीतभरही नाही, असे मला आधी वाटले होते. परंतु तरंगत्या वस्तूची स्थिरता लांबीच्या सरळ प्रमाणात आणि रुंदीच्या मात्र घनाच्या प्रमाणात वाढते, हे ध्यानात घेऊन कागदावर हिशेब मांडला, तेव्हा आखूड असूनही एक्सप्लोरर सुमारे दीडपट स्थिर ठरली. मापे बाहेरून घेतलेली असल्याने हा हिशेब ढोबळच. तरीही एका मित्राची चॅलेंजर खानापूरजवळ मलप्रभेच्या संथ डोहात चालवून पाहिली तेव्हा त्याचा प्रत्यय आला. पुढे बसलेली माझी नऊ वर्षांची मुलगी पाण्यावरचे पान उचलायला जराशी वाकली, तशी होडी त्या अंगाला कलली, मांडीवरचा चिवड्याचा डबा तळात सांडला आणि काठावरून आत्ती ओरडल्या, “अगं, सरळ बस की गं!”

चॅलेंजरवर अन्याय करायचा नाही. ती लांब व अरुंद असल्याने पाणी कापत सरळ जाते आणि तिची उंची 38 सेंटीमीटरच असल्याने वारा तिला कमी ढकलतो. 51 सेंटीमीटर उंचीची एक्सप्लोरर मोकळ्या जलाशयावर दुपारच्या वाऱ्यात भरकटू शकते. म्हणूनच होडी सरळ जावी यासाठी तळाला बसवायची पाखी विसरून चालणार नाही. गणेशगुडीला पर्यटकांना ज्या गोल टोपलीसारख्या होडीतून फिरवतात, ती वल्ह्याच्या एका फटक्यात गर्रकन कशी फिरते, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना पाखीचे महत्त्व वेगळे सांगायला नको. मला एकट्याला लांबवर वल्हवत जायचे असते, तर मी चॅलेंजरच घेतली असती.

आम्ही तिघे मिळून 166 किलो भरतो, तेव्हा “तिघेही बसू” असा प्रस्ताव घरात आलाच. तो मी तिथेच फेटाळला, कारण 180 किलो हा वजनाचा आकडा झाला, बसण्याच्या जागा मात्र दोनच आहेत. एक जण काठावर थांबेल, आणि पाण्यात जाणाऱ्या दोघांच्या अंगात जीवरक्षक जाकीट असेल. राकसकोप जलाशयाचे पाणी बेळगाव शहराला प्यायला येते, त्यामुळे तिथे होडी नेण्याचा प्रश्नच नाही; आणि सुपा धरणाखाली काळी नदीत वीजगृहातून पाणी सोडले की प्रवाह एकाएकी वाढतो, तिथे या दोन्हींपैकी एकही होडी कामाची नाही. आम्हाला संथ डोह, सकाळची वेळ आणि हिवाळा पुरेसा आहे.

अखेर एक्सप्लोरर मागवली. ती पिवळीधमक आहे, हेही एक कारण झाले. आत्तींचे म्हणणे असे की, काठावर बसणाऱ्याला निदान ती कुठे आहे एवढे तरी दिसले पाहिजे.