इंदूरहून कोलकाता, आईबाबांना घेऊन आणि खिशाला परवडेल असं

आईला दक्षिणेश्वरचं कालीमंदिर बघायचं होतं, कितीतरी वर्षं म्हणत होती, आणि बाबांना तिथलं इंडियन म्युझियम. आमच्या इंदूरच्या रामबागेतल्या ओळखीच्यांनी सांगितलं की टूरवाल्यांबरोबर जा, जेवणाखाण्याची काळजी नको, पण चौकशी केली तर एका माणसाचे जे पैसे सांगितले त्यात आमच्या चौघांचं (आईबाबा, मी आणि माझा मुलगा) रेल्वेने जाणंयेणं होऊन वर उरत होते. शिवाय त्यांच्या कागदावर दक्षिणेश्वर, बेलूर मठ आणि व्हिक्टोरिया मेमोरियल एकाच दिवशी. बाबांचे गुडघे बघता ते काही जमणारं नव्हतं, मग म्हटलं आपणच करू.

सगळ्यात आधी गाडी, बाकी सगळं नंतर. इंदूरहून हावड्याला शिप्रा एक्सप्रेस थेट जाते पण आठवड्यातून तीनच दिवस, आणि परत यायलाही तीनच, त्यामुळे किती दिवस राहायचं हे आपण नाही, गाडीच ठरवते. विमानाचं बघितलं होतं पण चौघांचं मिळून झेपेना. शिप्रा रात्री उशिरा निघते, मधला अख्खा दिवस गाडीत, आणि त्याच्या पुढच्या सकाळी हावडा. थर्ड एसी माणशी दोन हजाराच्या आतबाहेर पडतं. महिना निवडताना मी दोन गोष्टी बघितल्या, एक म्हणजे दुर्गापूजेची गर्दी ओसरलेली हवी कारण तेव्हा खोल्यांचे भाव वेगळेच असतात, आणि दुसरं धुकं. ही गाडी प्रयागराज, मुगलसराय, गया अशी जाते आणि डिसेंबर अखेर ते जानेवारीत त्या पट्ट्यात धुक्याने गाड्या तासन्‌तास लेट होतात. म्हणून डिसेंबरची सुरुवात धरली.

तिकिटांचं नीट सांगते कारण ज्येष्ठांना नेणाऱ्यांना इथेच उपयोग होईल. रिझर्वेशन आता ६० दिवस आधीच उघडतं, पूर्वीचे १२० दिवस २०२४ च्या नोव्हेंबरपासून गेले. सकाळी ८ ला उघडतं, आणि ऑनलाइन सुरुवातीला ज्यांचं खातं आधारने व्हेरिफाय झालेलं आहे त्यांनाच बुक करता येतं, तर ते आधीच करून ठेवा, त्याच दिवशी सकाळी करत बसायला वेळ नसतो. ज्येष्ठांची सवलत २०२० पासून बंद आहे ती आहेच. पण खालच्या बर्थचा कोटा चालू आहे, ६० वर्षांवरचे पुरुष आणि ४५ वर्षांवरच्या बायका, मात्र तिकिटावर एकटे किंवा दोघंच असले तर. चौघांचं एकत्र तिकीट काढलं की हा कोटा लागतच नाही. म्हणून आईबाबांचं तिकीट वेगळं काढलं त्या कोट्यातून, दोघांना खालचे बर्थ मिळाले, आणि माझं आणि मुलाचं वेगळं. डबा वेगळा आला तर काय ही धास्ती होती, पण आला तो शेजारचाच डबा, मुलगा दिवसभर आजीजवळ जाऊन बसला.

मग खोली. माझं ठाम मत झालंय की मोठ्या शहरात स्वस्त खोली लांब घेतली की वाचवलेले पैसे टॅक्सीत जातात आणि वर माणसं दमतात ती वेगळीच. मी मेट्रोचा नकाशा घेऊन बसले. हावड्याहून येणारी ग्रीन लाइन आणि दक्षिणेश्वर-कालीघाटला जाणारी ब्लू लाइन या दोन्ही एस्प्लनेडला भेटतात, म्हणजे एस्प्लनेडच्या आसपास राहिलं की जवळजवळ सगळं मेट्रोने होतं. तिथेच म्युझियमच्या बाजूला सदर स्ट्रीट आहे, साध्या लॉजसाठी जुनी प्रसिद्ध जागा. बालीगंजला भारत सेवाश्रम संघाकडे पण विचार करण्यासारखं आहे, बडाबाजारात धर्मशाळा आहेत, पण आम्हाला मेट्रो पायी जवळ हवी होती. फोटोंवर मी भरवसा ठेवला नाही, थेट फोन केले आणि सगळ्यांना तेच विचारलं, खोली कितव्या मजल्यावर, लिफ्ट आहे का (तिकडच्या जुन्या बिल्डिंगा उंच छताच्या, जिने खडे), गरम पाणी दिवसभर की सकाळीच, टॅक्स धरून भाव किती, चौघांना एका खोलीत जादा गादीचे किती. मग म्हटलं हेच सगळं व्हॉट्सॲपवर लिहून पाठवा. हे लिहून घेतल्याचा फायदा तिथे पोचल्यावर झाला, कारण काउंटरवरच्या माणसाने जादा गादीचे दर रात्रीला वेगळे पैसे सांगायला सुरुवात केली. मी काही वाद घातला नाही, मेसेज उघडून समोर धरला, त्याने आत कुणाला तरी विचारलं आणि ठरलेल्या भावात चावी दिली.

प्रवासात जेवणाला पैसे लागलेच नाहीत म्हणा ना, आईने दशम्या, तिखटमिठाच्या पुऱ्या, लसणाची चटणी आणि इथली सेव असं सगळं बांधून घेतलं होतं, चहा तेवढा घेतला. दुपारी सतना आलं तेव्हा बाबा मुलाला घेऊन दाराशी गेले आणि भरहुतचा जुना बौद्ध स्तूप याच जिल्ह्यातला म्हणून सांगत बसले. रात्री गया येईपर्यंत आई जागी होती, तिथलं विष्णुपद मंदिर आपल्या अहिल्याबाईंनी बांधवलेलं, तिने बर्थवरूनच हात जोडले.

हावड्याला उतरल्यावर टॅक्सीवाले घेरतातच, आम्ही सरळ मेट्रोत. नदीखालून जाणारी देशातली पहिली मेट्रो हीच, २०२४ च्या मार्चमध्ये सुरू झाली. स्टेशन तीसेक मीटर खोल आहे पण लिफ्ट आणि सरकते जिने आहेत, त्यामुळे बॅगा असूनही बाबांना त्रास झाला नाही. हुगळीखालचा भाग ५२० मीटर, पाऊण मिनिटात संपतो, आणि दहाच्या नोटेत माणूस एस्प्लनेडला. तिकडे मेट्रोचं सगळ्यात कमी भाडं ५ रुपये आहे, कुठेही गेलो तरी चौघांच्या भाड्याचा विचार करावा लागला नाही. मेट्रो नसेल तिथे शेअर ऑटो, ते ठरलेल्या रस्त्यावरच चालतात, आणि बस.

दिवस आखताना दोन गोष्टी धरूनच चालावं लागतं. सोमवारी इंडियन म्युझियम बंद, व्हिक्टोरियाच्या गॅलऱ्याही बंद. आणि तिकडे अंधार लवकर पडतो, म्हणजे खरंच लवकर, डिसेंबरात पाचच्या आतच सूर्य मावळतो, आपल्या इंदूरपेक्षा पाऊण तास तरी आधी. संध्याकाळी आरामात फिरू म्हणाल तर उजेड गेलेला असतो. म्हणून आम्ही सकाळी साडेसहाला खोलीतून बाहेर पडायचो, दुपारी जेवून खोलीवर तासभर आडवं व्हायचं (खोली मध्यात असल्याचा हा मोठा फायदा) आणि मग पुन्हा बाहेर.

सोमवार दक्षिणेश्वर-बेलूरला दिला. मेट्रो थेट दक्षिणेश्वरला जाते आणि स्टेशनापासून मंदिरापर्यंत वरून स्कायवॉक आहे, रस्ता ओलांडायचीही भानगड नाही. मोबाईल, चपला बाहेर ठेवाव्या लागतात. राणी रासमणींनी १८५५ मध्ये बांधलेलं देऊळ, नदीच्या बाजूने ओळीने बारा शिवमंदिरं, आई प्रत्येकात जाऊन आली, एकही सोडलं नाही, आणि मग रामकृष्ण परमहंसांच्या खोलीत इतका वेळ बसली की मुलालाही मी गप्प बसवलं नाही, तो आपणहून गप्प होता. दुपारी दोन्हीकडे बंद असतं, हे माहीत नसलं तर माणूस बंद दारापाशी ताटकळतो. आम्ही दुपार तिथेच काढली, कचोरी आणि बटाट्याची पातळ भाजी, पानाच्या द्रोणात, गरमगरम, आणि मग बाजूच्या घाटावरून लाँच धरून बेलूरला. लाँचचं भाडं अगदी किरकोळ, नदीवरचा वारा, देऊळ मागे मागे जात लहान होतं, पॅकेजमध्ये हे बसमधून उरकतात हे मला फार वाईट वाटतं. बेलूर मठात संध्याकाळची आरती मिळाली. परत येताना बस.

म्युझियमला बाबांसाठी अख्खी सकाळ ठेवली होती. १८१४ चं, देशातलं सगळ्यात जुनं. मुलाला इजिप्तची ममी, पण बाबांचा जीव भरहुतच्या दालनात. सतना जिल्ह्यातून इंग्रज पुरातत्त्वज्ञ कनिंगहॅमने शोधून काढलेल्या स्तूपाचे कठडे, लालसर दगड, जातककथा कोरलेल्या आणि खाली ब्राह्मीत लिहिलेलं. आपल्या मध्य प्रदेशातला सगळ्यात मोठा ठेवा आपण इतक्या लांब येऊन बघतोय, असं बाबा म्हणाले. हरणाची गोष्ट त्यांनी मुलाला दगडावर बोट न लावता, हवेतच बोट फिरवून सांगितली, तर शेजारचं एक बंगाली कुटुंबही थांबून ऐकायला लागलं, मग बाबांनी हिंदीत पहिल्यापासून सांगितली.

आणखी एक जागा फुकटात बघितली जी कुठल्याच पॅकेजमध्ये नसते. बागबाजारात मराठा डिच लेन नावाची गल्ली आहे. १७४२ मध्ये नागपूरकर रघूजी भोसल्यांचं घोडदळ बंगालवर आलं तेव्हा घाबरून कोलकात्याभोवती खंदक खणायला घेतला, तो पुरा कधी झालाच नाही आणि मराठे कोलकात्यावर आलेही नाहीत, पुढे बुजवून त्यावरून सर्क्युलर रोड गेला. गल्लीत बघण्यासारखं काही नाही, साधी घरं, पण मराठी माणसाने पाटीखाली उभं राहून यावं. त्या स्वाऱ्यांत बंगालच्या खेड्यापाड्यांनी फार सोसलं, लहान मुलांना झोपवायच्या गाण्यांत अजून त्याची भीती आहे, हेही मुलाला सांगितलं. नुसतं अटकेपार झेंडे सांगून भागत नाही.

हावडा पुलाखालचा मल्लिक घाटाचा फूलबाजार पहाटे बघायचा. झेंडूच्या माळांच्या जाडजूड वेटोळ्या डोक्यावर घेऊन हमाल पळत असतात, वाटेतून बाजूला व्हायचं, त्यांना थांबवायचं नाही. तिथून फेरीने नदी ओलांडली, पूल खालून बघितला. ट्राम १८७३ पासूनची, आता मोजकीच उरली आहे, मिळाली तर बसून घ्या. व्हिक्टोरियाला आम्ही बागेत जास्त रमलो.

जेवणाचं आईमुळे मला टेन्शन होतं, शाकाहारी आणि कांदालसूणही ठराविक दिवशी नाही. तिकडे निरामिष म्हणून विचारायचं, आणि डाळीबद्दल वेगळं विचारायचं कारण काही ठिकाणी डाळीत माशाचं डोकं असतं. सकाळी मिठाईच्या दुकानांत लुची किंवा राधावल्लभी आणि चण्याची डाळ मिळते, स्वस्त आणि पोटभर. आलू पोस्तो, म्हणजे खसखशीतला बटाटा, आईला इतका आवडला की तिने वाढणाऱ्याला कृती विचारली. पोळीची आठवण आली की बडाबाजारात मारवाडी भोजनालयं आहेत. चहा मातीच्या कुल्हडात, जागोजाग.

परतीच्या दिवशी खोली दुपारी सोडावी लागते आणि गाडीला वेळ असतो, तर हावड्याच्या क्लोकरूममध्ये सामान ठेवलं, त्यासाठी बॅगेला कुलूप लागतं, ते घरूनच न्या. नोलेन गुडाचा म्हणजे खजुराच्या नव्या गुळाचा संदेश डिसेंबरातच चांगला मिळतो, त्यातला कडापाक म्हणजे घट्ट घ्यायचा, तो इंदूरपर्यंत टिकतो, नरमपाक म्हणजे मऊ तिथेच खाऊन घ्यायचा. रसगुल्ला डब्यातला आणला तरच. रामबागेत वाटायला आईने कडापाकच घेतला, आणि दुकानदाराने विचारल्यावर त्याला आमचं गाव इंदूर, राजवाड्याजवळ राहतो, या एकदा, असं आमंत्रणही देऊन आली.