एलियन परत घ्यायचा का?

आज न्यू जर्सीतल्या एडिसनला मित्राकडे चहाला गेलो आणि दोन तास नुसती एकाच पुतळ्यावर चर्चा, १९७९ च्या 'एलियन' सिनेमातल्या त्या राक्षसाच्या पुतळ्याचं नवीन व्हर्जन त्याने मागवलंय. माझ्याकडे जुना आहे, शेपटीचं टोक शिफ्टिंगमध्ये तुटलं ते सुपरग्लूने चिकटवलंय, बायको त्याला "तुझा झुरळोबा" म्हणते 😄

तर मुद्दा असा की हा एलियन ज्याने डिझाइन केला त्या गीगर नावाच्या स्विस चित्रकाराच्या मूळ डिझाइनमध्ये डोक्यावर अर्धपारदर्शक घुमट होता आणि खाली कवटी, म्हणजे डोळे नाहीतच पण खोबणी अंधुक दिसते आणि तेच तर भयानक आहे ना राव! १९८६ च्या दुसऱ्या भागात, 'एलियन्स'मध्ये, तो घुमटच काढला, तेव्हा वरच्या उंचवट्याच्या रेघा दिसायला लागल्या. नवीन पुतळ्यात घुमट आहे पण इतका काळा आणि चकचकीत की टॉर्च मारल्यावर कुठे कवटी दिसते. बाकी हात मात्र जबरदस्त, लांबसडक, पहिल्या सिनेमात एलियनच्या सूटमध्ये होता तो बोलाजी बडेजो जवळपास सात फुटी होता ते इथे कळतं, माझावाला त्याच्यापुढे जिमवाला वाटतो.

वजन मरणाचं, पॉलीस्टोन (रेझिनमध्ये दगडाची पूड) ना, दोघांनी मिळून उचलला. किंमत मित्राने हळू आवाजात सांगितली कारण वहिनी किचनमध्ये होत्या.

घरी येऊन जुन्याची धूळ पुसली. ब्राउझरमध्ये नवीनवाल्याचा टॅब अजून उघडाच आहे.