फिरकीविना

कानातल्याची फिरकी पडली की जाते कुठे, हे आमच्या घरात आजवर कोणालाही कळलेलं नाही. फरशीवर टिक् असा आवाज होतो आणि पुढची दहा मिनिटं सगळं घर गुडघ्यांवर. टॉर्च, केरसुणी, उलटा केलेला गालिचा. सापडतं काय, तर मागच्या दिवाळीतलं टिकल्यांचं पाकीट.

त्यात माझ्या डाव्या कानाचं भोक ओघळलं. वीस वर्षं लग्नकार्यांत झुमके मिरवले, दुसरं काय होणार! सोनारकाकांनी पाळीकडे बघून सांगितलं, "ताई, आता यात वजन अडकवू नका." अडकवायचं नाही तर चिकटवू, म्हणून मी निओडिमियमची वीस चुंबकं मागवली. ६ मिलिमीटर व्यासाच्या, २ मिलिमीटर जाडीच्या चकत्या. शर्टाच्या बटणाहूनही लहान.

पाकिटात त्यांच्यामध्ये प्लॅस्टिकचे तुकडे घातलेले होते. ते कशासाठी, हे लगेच कळलं. दोन चकत्या टेबलावर जरा जवळ ठेवल्या, तर त्या उडी मारून एकमेकींना भिडल्या. मध्ये माझ्या अंगठ्याची कातडी. शिवाय एकीचा टवका उडाला. आत लोखंड भरपूर, पण स्वभाव चिनीमातीच्या कपासारखा. वरचा निकेलचा मुलामा शोभेसाठी नसतोच, तो गेला की गंज चढतो. निकेल मला सोसत नाही, म्हणून कानाला टेकणाऱ्या बाजूवर मी रंगहीन नेलपॉलिशचे दोन हात दिले. कृत्रिम दागिने घालणाऱ्या बायकांना ही युक्ती नवीन नाही.

निओडिमियम या धातूचं नाव कानातल्यांना अगदी शोभतं. ऑस्ट्रियाच्या कार्ल आउअर फॉन वेल्सबाखनं १८८५ साली 'डिडिमियम' नावाच्या पदार्थाचे दोन भाग केले. डिडिमियम म्हणजे जुळं. त्यातलं एक झालं प्रासिओडिमियम, हिरवं जुळं, आणि दुसरं निओडिमियम, नवं जुळं. यात लोखंड आणि बोरॉन मिसळून इतकं ताकदवान चुंबक करता येतं, हे मात्र १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला जपानमध्ये मासातो सागावा आणि अमेरिकेत जॉन क्रोट यांनी, आपापल्या वाटेनं, शोधलं. शंभर वर्षं हे जुळं जोडीदाराविना बसून होतं म्हणायचं. त्याला 'दुर्मिळ मृदा' म्हणतात ते ऐकून मी हुरळले होते, पण पृथ्वीच्या कवचात ते शिशापेक्षा जास्त आहे. एका जागी साठलेलं मिळत नाही आणि सोबतच्या भावंडांपासून सुटता सुटत नाही, एवढंच.

पहिला जोड मी सोनारकाकांकडेच नेला. मोत्याच्या चांदीच्या वाटीला मागून चकती डागून द्या म्हटलं. त्यांनी दिली, सुबक दिली. घरी आणून कानाला लावली, तर ती सरळ खांद्यावरून मांडीत. साधी निओडिमियम चकती ८० अंशांच्या वर तापली की तिची ओढ कमी व्हायला लागते, आणि चांदीच्या डागाला तर सहाशेच्या वरची आच लागते. काकांनी बिचारीचा प्राणच घेतला होता. त्यांना सांगितलं तर म्हणाले, "सोनं असलं काही करत नाही."

मग घरीच दोन नळ्यांचा एपॉक्सी डिंक आणला. आधी चकतीची कोणती बाजू कोणत्या बाजूला ओढते ते बघून मार्करनं ठिपका द्यायचा, मग मोती डकवायचा आणि रात्रभर हात लावायचा नाही. ठिपका विसरलात तर पुढची चकती मागचीला लाथाडते. मी दोनदा विसरले. तिसरा जोड जमला. पाळीच्या पुढे मोती, मागे नुसती चकती. तीन तासांनी कान दुखायला लागतो हे खरं, पण कुठल्याही लग्नात तीन तासांनी माझी पंगत उठलेली असते.

नथीचाही मोह झाला होता. पण नाकाच्या आतली चकती श्वासाबरोबर वर गेली तर, या विचारानं तो बेत सोडला. भाची यायची असली की डबा थेट माळ्यावर जातो. दोन चकत्या पोटात गेल्या तर आतड्याच्या दोन वेटोळ्यांतून एकमेकींना धरून बसतात आणि मधलं आतडं चिमटतं, मग शस्त्रक्रियेवाचून गत्यंतर राहत नाही. पेसमेकरवाल्या मामांना मिठी मारण्याआधी मी कान मोकळे करते.

एका हळदीकुंकवाला सगळ्यांनी मिळून माझ्या मोत्यानं बांगड्या तपासल्या. सोन्याला चुंबक चिकटत नाही, हे बरोबर. पण पितळेलाही चिकटत नाही. त्यामुळे सगळ्या बायका खऱ्या ठरल्या आणि चहा गोडीत झाला.

परवा उजव्या कानातली मागची चकती पडली. सवयीनं गुडघ्यांवर बसले, मग आठवलं, ही लपणारी नव्हे. कपाटाचा पाया पाहिला, पलंगाच्या पट्ट्या पाहिल्या. शेवटी शिलाई मशीनच्या लोखंडी पायट्याखाली सापडली, टाचण्यांची दाढी वाढवून. टाचण्यांत एक फिरकीही होती. हरखून सोडवली, उजेडात धरली. चुंबकाला चिकटली तेव्हाच समजायला हवं होतं. सोन्याची अजून सापडायचीच आहे.